वै. विष्णुबुवा जोग महाराज आणि आळंदीची पाठशाळा

लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली आमची इंद्रायणी मावळची भातखाचरे भिजवीत देहूस तुकोबारायांच्या पायांशी येते आणि पुढे आळंदीस माऊलींच्या समाधीजवळून वाहते. मावळच्या पोरांना परमार्थविद्येची वाटही हीच. परवा भंडाऱ्याच्या पायथ्याशी कीर्तन आटोपून बसलो होतो. तेव्हा बी. ए. झालेला एक तरुण आम्हांस पुसू लागला, की महाराज, कीर्तनसेवा करावयाची आहे. तर विद्यापीठात तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करावे, की आळंदीस चार वर्षे राहावे? उत्तरादाखल आम्ही त्यास जोग महाराजांचे चरित्र सांगितले. तेच सज्जनांपुढे ठेवतो.

विष्णु नरसिंह जोग यांचा जन्म १८६७ साली पुण्यास झाला. शालेय शिक्षण बेताचेच, ओढा तालमीकडे. पुढे आळंदीस जाऊन माऊलींच्या समाधीपुढे त्यांनी तुळशीची माळ गळ्यात घातली आणि आजन्म ब्रह्मचर्य पाळले. फडाची गादी वारशाने मिळाली नव्हती. जे मिळविले ते ग्रंथ उशाशी घेऊन. तालमीतली चिकाटी त्यांनी पोथीत आणली म्हणाना! तुकोबांच्या गाथेची अर्थासह आवृत्ती त्यांनी १९०९ साली काढली. अमृतानुभवही सार्थ केला. देशकार्यात ते लोकमान्यांचे अनुयायी होते.

त्या काळी वारकरी विद्या घराण्यात नाही तर फडावर मिळे. ज्याच्या घरी फड नाही, अशा गरिबाच्या पोराने कोणाचे दार ठोठवावे? टाळ धरील, चाली पाठ करील. पण ओवीचा अर्थ लावताना अडे. ही उणीव महाराजांच्या जिवाला लागली. १९१७ साली गुढीपाडव्यास त्यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था उभी केली. जातीची अट नाही, फी नाही. विद्यार्थ्याने माधुकरी मागावी, भुईवर निजावे, पहाटे उठावे आणि ज्ञानेश्वरी, गाथा, गीता यांचे पाठ घ्यावेत. माधुकरीची झोळी हाही एक पाठच होता. दारोदार हात पसरला की विद्येचा ताठा आपोआप उतरतो.

संस्था उघडून तीन वर्षेही पुरी झाली नाहीत, तोच १९२० च्या माघ वद्य प्रतिपदेस महाराज वैकुंठवासी झाले. एवढ्या अल्प काळात संस्था मोडायचीच. पण शिष्य खरे निघाले. बंकटस्वामी, मारुतीबुवा गुरव, सोनोपंत दांडेकर यांनी ती तगविली. त्यांतले सोनोपंत (१८९६–१९६८) तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तरीही खांद्यावर वीणा घेऊन उभे राहिले. तेव्हा विद्यापीठ आणि आळंदी यांचे वैर नाही, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

मग निवड कशी करावी? आम्ही त्या तरुणास एवढेच म्हटले, बाबा रे, पदवीचे नाव पाहू नकोस. शिकविणारा स्वतः तसा वागतो का, ते पाहा. चुकलास तर कान धरणारा कोणी तेथे आहे का, ते पाहा. आणि शिकून पोट भरायचे, की सेवा करायची, हे आधी मनाशी ठरव. पोटासाठी नोकरी कर, शेती कर. त्यात कमीपणा नाही. कीर्तनाचे मोल घेऊ नये, हा वारकऱ्यांचा जुना दंडक जोग महाराजांनी पाळला. आज तारखेआधी बिदागीचा आकडा ठरतो. खोटे कशाला बोलावे, आमच्याही हाती एकदा पाकीट पडले आणि आम्ही ते खिशात घातले. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

तरुण बराच वेळ गप्प बसला, मग पाया पडून उठला. तो कोठे जाईल ते पांडुरंग जाणे. एम. ए. केले तरी आळंदीची झोळी मनाने खांद्यावर असावी, एवढीच आमची मागणी.

रामकृष्णहरि.