स्वप्नांची वही ठेवणारा डॉक्टर : फ्रेडरिक व्हान ईडन



रात्री जाग येते, डोळे उघडतात, पण हातपाय हलत नाहीत. छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटते, ओरडावे तर आवाज फुटत नाही. तुमच्यापैकी काहींनी हे अनुभवले असेल. स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे ओळखण्याचा, म्हणजे ल्युसिड ड्रीमिंगचा, सराव करणाऱ्या आपल्या तरुण मुलांनाही ते गाठते. गावाकडे लोक म्हणतात, भूत बसले. अशा अनुभवांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणाऱ्या एका डच डॉक्टरांची ही ओळख.

फ्रेडरिक व्हान ईडन यांचा जन्म ३ एप्रिल १८६० रोजी हार्लेमचा. त्यांनी १८८७ मध्ये एका सहकाऱ्यासोबत अॅम्स्टरडॅमला मानसोपचाराचे क्लिनिक काढले. ते नावाजलेले कादंबरीकारही होते. सर्वांनी एकत्र राबावे म्हणून १८९८ मध्ये त्यांनी बुसुमजवळ ‘वाल्डेन’ ही वसाहत उभारली. ती १९०७ मध्ये दिवाळखोरीत बुडाली. रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ डच भाषेत आणणारेही तेच.

१८९६ पासून ते आपली स्वप्ने लिहून ठेवू लागले. जानेवारी १८९८ मधील एक नोंद वाचण्यासारखी आहे. स्वप्नात ते बागेत पालथे पडून काचेपलीकडच्या कुत्र्याकडे पाहत होते. त्याच वेळी आपण खरे तर पलंगावर उताणे झोपलो आहोत, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी मुद्दाम सावकाश जागे व्हायचे ठरवले. एका शरीरातून दुसऱ्या शरीरात सरकल्यासारखे त्यांना वाटले आणि दोन्ही शरीरांची आठवण स्पष्ट राहिली.

१९१२ अखेरपर्यंत अशी ३५२ स्वप्ने त्यांनी नोंदवली. २२ एप्रिल १९१३ रोजी लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चपुढे त्यांनी निबंध वाचला. ‘ल्युसिड ड्रीम’ हा शब्द रूढ झाला तो त्यातूनच. त्यात ‘चुकीची जाग’ हा एक प्रकार आहे: आपल्याच खोलीत जागे झालो असे वाटते, पण आसपास काहीतरी भयाण असते. सैतानांची स्वप्नेही त्यांनी वर्णिली. त्यांना ओळखून तोंड दिले की भीती संपते आणि ताजेतवाने होऊन जाग येते, हा त्यांचा अनुभव.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हे सैतान खरोखरचे हीन जीव आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निरीक्षण चोख होते. निष्कर्षाला पुरावा नव्हता. १९१३ मध्येच त्यांचा तरुण मुलगा पॉल वारला. पुढे १९२२ मध्ये ते कॅथलिक झाले आणि १६ जून १९३२ रोजी बुसुम येथे निवर्तले.

त्यांच्या हयातीत न सापडलेला दुवा आज आपल्याकडे आहे. स्वप्ने मुख्यतः आरईएम झोपेत पडतात. त्या वेळी मेंदू स्नायू सैल सोडतो, म्हणून आपण स्वप्नातली धावपळ अंथरुणात करत नाही. कधी मन आधी जागे होते आणि स्नायू मागे राहतात. स्वप्नातली चित्रे उघड्या डोळ्यांपुढे तरळतात. श्वास चालूच असतो. काही सेकंदांत किंवा मिनिटांत सारे ओसरते. अपुरी झोप, पाळ्यांची नोकरी, उताणे झोपणे यांमुळे ही शक्यता वाढते. मध्यरात्री गजर लावून स्वप्नांचा सराव करणाऱ्यांनी हे विसरू नये.

पुन्हा असे झाले तर धडपडू नका. श्वासाकडे लक्ष द्या, काय जाणवते ते फक्त पाहा; विपश्यनेला बसणाऱ्यांना हे नवीन नाही. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना भेटा. आणि भारतातून कोणी फोनवर भगताचा पत्ता देऊ लागले, तर त्यांना व्हान ईडन यांची गोष्ट सांगा: वही त्यांच्यासारखी ठेवावी, निष्कर्ष मात्र पुराव्यानंतरच काढावा.

जय भीम!