वीर वामनराव जोशी

१८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला. त्याच प्रांती, अमरावतीस, १८८१ मध्ये वामन गोपाळ जोशी यांचा जन्म झाला. परसत्तेविरुद्ध उघड लिहिणे म्हणजे तुरुंगास आमंत्रण. १९१० साली खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या पौराणिक नाटकावरही सरकारने बंदी घातली. तरीही पुढे काही वर्षांतच वामनरावांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ रंगभूमीवर आले. कारावास त्यांनाही चुकला नाही. पण लेखणी थांबली नाही. नाटककारास लोक ‘वीर’ म्हणू लागले, हे विशेषच! १९२७ मधील ‘रणदुंदुभि’त मास्टर दीनानाथ तेजस्विनी झाले आणि त्यांच्या कंठातून पारतंत्र्याची व्यथा घरोघर पोहोचली. घरोघरच्या कंठांना बेड्या कोण घालणार? देश स्वतंत्र झालेला पाहून १९५६ साली वामनराव निवर्तले.