दुरुस्तीच्या पेटीपासून सीगेटपर्यंत

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत काय किंवा राज्यातल्या कोणत्याही जुन्या पेठेत काय, माळ्यावरून उतरवलेला संगणक भंगारवाल्याच्या काट्यावर चढला, की त्याची किंमत किलोवर ठरते. पत्र्याचा भाव वेगळा, तांब्याचा वेगळा. पेटीच्या पोटातल्या जड ठोकळ्यावर ‘सीगेट’ हे नाव छापलेले असले, तरी ते वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. त्या ठोकळ्यात एखाद्या डीटीपी केंद्राची दहा वर्षांची अक्षरजुळणी असू शकते, एखाद्या पतसंस्थेची खाती असू शकतात, एखाद्या प्राध्यापकाचा कधीच न छापलेला प्रबंध असू शकतो.

हार्ड डिस्कचा हा ठोकळा टेबलावर मावेल इतका लहान आणि साध्या कार्यालयाला परवडेल इतका स्वस्त करण्यात ज्यांचा वाटा मोठा होता, ते ॲलन शुगार्ट. संगणक उद्योगात त्यांचे नाव कंपन्यांचे संस्थापक म्हणून घेतले जाते. मात्र त्यांची पहिली नोकरी होती ती बंद पडलेली यंत्रे चालू करून देण्याची.

२७ सप्टेंबर १९३० रोजी लॉस एंजेलिस येथे शुगार्ट यांचा जन्म झाला. कॅलिफोर्नियातील रेडलँड्स विद्यापीठातून त्यांनी अभियांत्रिकी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि १९५१ मध्ये, पदवी मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, आयबीएममध्ये ते रुजू झाले. हुद्दा फील्ड इंजिनिअरचा होता. छिद्रित कार्डांवर चालणारी त्या काळातली हिशेबयंत्रे जिथे अडतील तिथे जायचे, खोलायचे, दोष शोधायचा आणि ग्राहकाचे काम पुन्हा सुरू करून द्यायचे, हा त्यांचा दिनक्रम होता. यंत्र कसे चालते हे आराखड्यावरून कळते, पण ते कुठे आणि का मोडते हे ग्राहकाच्या दारात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. हे शिक्षण शुगार्ट यांना नोकरीच्या सुरुवातीलाच मिळाले.

१९५५ मध्ये ते सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत आले. रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली तिथे जगातील पहिली व्यापारी हार्ड डिस्क आकार घेत होती. १९५६ मध्ये जाहीर झालेल्या या ‘रॅमॅक’ यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर मिनिटाला १२०० फेरे घेत. क्षमता ५० लाख अक्षरांची होती आणि वजन सुमारे एक टन. लोहऑक्साइडचा लेप रेशमी मोज्यातून गाळून, कागदी पेल्याने फिरत्या तबकडीवर ओतला जाई. आज ही हकीकत गंमतीची वाटते, पण लेप सारखा पसरला नाही तर नोंदच टिकणार नाही, एवढा त्यावर भार होता. हेड तबकडीला टेकू नये म्हणून त्यातून दाबाची हवा सोडावी लागे. साऱ्या तबकड्यांसाठी एकच हात होता. तो खालीवर जाऊन हवी ती तबकडी गाठे. हे संपूर्ण यंत्र महिन्याला ३२०० डॉलर भाड्याने मिळे.

पुढच्या टप्प्याची, म्हणजे आयबीएम १३०१ या यंत्राची धुरा शुगार्ट यांच्याकडे आली. यात प्रत्येक पृष्ठभागाला स्वतंत्र हेड होते आणि बाहेरून हवा सोडण्याची गरज उरली नव्हती. तबकडीच्या वेगाने जो हवेचा पातळ थर तयार होतो, त्यावरच हेड तरंगे. अमेरिकन एअरलाइन्सच्या ‘सेबर’ आरक्षण प्रणालीने हीच यंत्रे वापरली. आजच्या हार्ड डिस्कमधील हेडही याच तत्त्वावर तरंगते.

दुरुस्तीच्या गरजेतून जन्मलेली वस्तू म्हणजे फ्लॉपी. आयबीएमच्या नव्या संगणकांतील नियंत्रण स्मृती वीज गेली की कोरी होई. त्यातील सूचना दरवेळी पुन्हा भराव्या लागत आणि त्यांत सुधारणा झाली तर ती गावोगावच्या ग्राहकांपर्यंत पोहोचवावी लागे. त्यासाठी टपालाने पाठवता येईल असे स्वस्त माध्यम हवे होते. १९६७ मध्ये शुगार्ट यांनी हे काम डेव्हिड नोबल यांच्यावर सोपवले. नोबल यांच्या चमूने लवचिक तबकडी निवडली. धुळीने ती वाचेनाशी होऊ लागली, तेव्हा तिला पाकिटात बंद करून आतून कापडाचे अस्तर दिले. तबकडी फिरता फिरता पुसलीही जाऊ लागली. आठ इंची फ्लॉपी १९७१ मध्ये बाजारात आली. तोवर शुगार्ट यांनी आयबीएम सोडली होती. १९६९ मध्ये ते मेमोरेक्सला गेले आणि त्यांच्यामागोमाग आयबीएमचे कितीतरी अभियंतेही गेले.

१९७३ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने ‘शुगार्ट असोसिएट्स’ स्थापन केली. वर्षभरातच गुंतवणूकदारांशी बिनसले आणि १९७४ मध्ये स्वतःच्याच कंपनीतून त्यांना बाहेर पडावे लागले. दैवाचा खेळ असा, की कंपनीचे नाव जगभर पसरले ते त्यानंतर. १९७६ मध्ये आलेल्या सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हवर ‘शुगार्ट’ हे नाव झळकले. त्या नावाचा धनी मात्र सांताक्रूझच्या किनाऱ्यावर मासेमारीची नौका चालवत होता. मित्रांसोबत त्यांनी एक मद्यालयही काढले होते. पाच वर्षे अशी गेली.

शुगार्ट असोसिएट्सच्या जुन्या ड्राइव्हची दुरुस्ती करणारे आजही आहेत, आणि भारतात ते काम करणाऱ्याला एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. आठ इंची ड्राइव्हची मोटर थेट घरगुती विजेवर चालते आणि तिचा वेग विजेच्या आवर्तनांवर ठरतो. अमेरिकेत ती सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. अमेरिकेसाठी बांधलेला ड्राइव्ह इथे तसाच जोडला, तर तबकडी मिनिटाला ३६० ऐवजी ३०० फेरे घेते आणि चांगली फ्लॉपीही वाचली जात नाही. दोष हेडमध्ये नसतो, मोटरच्या दांड्यावरच्या पुलीत असतो. पुली आणि पट्टा बदलला की ड्राइव्ह चालू लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस हेड खोलून बसतो आणि त्याची जुळणी बिघडवतो.

१९७९ मध्ये फिनिस कॉनर यांच्यासोबत शुगार्ट पुन्हा उद्योगात उतरले. नवी कंपनी ‘शुगार्ट टेक्नॉलॉजी’. जुन्या कंपनीने नावावर हरकत घेतली. स्वतःचेच आडनाव वापरण्याची चोरी झाल्याने ‘सीगेट’ हे नाव आले. १९८० मध्ये कंपनीने एसटी-५०६ हा ड्राइव्ह आणला. सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हच्या जागेत तो नेमका बसे. क्षमता ५ मेगाबाइट, किंमत १५०० डॉलर. एक टनाच्या रॅमॅकमध्ये जेवढे मावत होते त्याहून अधिक आता एका हातात उचलता येऊ लागले, आणि या दोन्ही यंत्रांत २४ वर्षांचेच अंतर होते. पाठोपाठ आलेला १० मेगाबाइटचा एसटी-४१२ आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये बसला. इतरांनी त्याच जोडणीचे ड्राइव्ह काढले आणि सीगेटची जोडणी उद्योगाचा दंडक बनली.

स्वस्ताईसाठी काही गोष्टी सोडाव्या लागल्या होत्या. या ड्राइव्हमध्ये वीज गेल्यावर हेड आपोआप सुरक्षित जागी जात नसे. ते नोंदींवरच उतरे. म्हणून संगणक बंद करण्यापूर्वी हेड ‘पार्क’ करण्याची आज्ञा देण्याची सवय त्या काळी कार्यालयांत लावली जाई. वर्षानुवर्षे बंद पडून राहिलेल्या ड्राइव्हमध्ये हेड तबकडीला चिकटून बसते आणि मोटर फिरत नाही. अनुभवी दुरुस्तीकार झाकण उघडत नाही, कारण आत गेलेला धुळीचा एक कण हेड आणि तबकडी यांच्यातील फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. तो आधी वीजपुरवठा वेगळा तपासतो, सुकलेले किंवा गळलेले कपॅसिटर बदलतो, मग ठोकळा हातात धरून झटक्याने थोडासा फिरवतो. किंचाळल्यासारखा आवाज आला तर तो बहुधा मोटरच्या दांड्याला टेकलेल्या अर्थिंगच्या पट्टीचा असतो. ड्राइव्ह मेला असे समजून पुष्कळांनी तो याच आवाजावर भंगारात दिला.

आणखी एक चूक सर्रास होते. ड्राइव्ह जपला जातो आणि त्याचे कंट्रोलर कार्ड फेकले जाते. त्या पिढीच्या ड्राइव्हवर नोंद कशी लिहायची हे कार्ड ठरवत असे. एका कार्डाने लिहिलेले दुसऱ्याला अनेकदा वाचता येत नाही. आता तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेऊन नंतर त्यांचा अर्थ लावणारी उपकरणे उपलब्ध आहेत, त्यामुळे काही ड्राइव्ह वाचतात. मराठी मजकुराचा प्रश्न त्यापुढचा. श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली फाइल हाती आली, तरी तो फॉन्ट वा त्याचे युनिकोड रूपांतर जवळ नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळच दिसतो.

१९८९ मध्ये सीगेटने कंट्रोल डेटा कंपनीचा इम्प्रिमिस हा डिस्क विभाग विकत घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली बसवलेला सीडीसी ३६०० संगणक याच कंट्रोल डेटाचा. वेगळी वाट धरून प्रतिस्पर्धी झालेल्या फिनिस कॉनर यांची कंपनीही १९९६ मध्ये सीगेटमध्ये आली.

हवाई शर्ट घालून कार्यालयात येणाऱ्या या उद्योगपतीला राजकारण्यांची थट्टा करण्याची हौस होती. १९९६ मध्ये त्यांनी आपला अर्नेस्ट नावाचा कुत्रा अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीत उभा करण्याचा घाट घातला. तो फसला तेव्हा त्यावर पुस्तक लिहिले. मतपत्रिकेवर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय असावा, यासाठी कॅलिफोर्नियात त्यांनी चालवलेला प्रस्ताव २००० मध्ये मतदारांनी फेटाळला. आपल्याकडे ‘नोटा’ २०१३ मध्ये आला, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

जुलै १९९८ मध्ये सीगेटच्या संचालक मंडळाने त्यांना पायउतार केले. आपणच उभ्या केलेल्या कंपनीतून जाण्याची ही दुसरी वेळ, आणि आता वय ६७. त्यांनी नव्या उद्योगांना साहाय्य करणारी आणखी एक संस्था काढली. १२ डिसेंबर २००६ रोजी हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे माँटेरे येथे त्यांचे निधन झाले. ते ७६ वर्षांचे होते.

पंचविशीत ज्या रॅमॅकच्या कामावर ते आले होते, त्यातील एक यंत्र दरम्यान कॅलिफोर्नियातील सांता क्लारा विद्यापीठात पुन्हा उभे केले जात होते. मूळ चमूतील अल्बर्ट होगलंड यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. पुढे हे काम माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात गेले. मूळ यंत्रभाग शक्य तितके तसेच ठेवून स्वयंसेवकांनी हाताचे खालीवर जाणे आधुनिक विद्युत परिपथांच्या मदतीने सुरू केले, हेडना हवा दिली आणि तबकड्या फिरवल्या. त्यांवरच्या कित्येक दशकांपूर्वीच्या नोंदी वाचता आल्या.