मेस्मरचे चुंबक आणि डोळ्यांवरची पट्टी

फ्रान्झ अँटॉन मेस्मर यांचा जन्म १७३४ मध्ये जर्मनीतील एका खेड्यात झाला. १७६६ मध्ये ते व्हिएन्नात डॉक्टर झाले. १७७४ मध्ये त्यांनी एका तरुणीला लोहयुक्त औषध पाजून तिच्या अंगावर चुंबक ठेवले. तिला आराम पडला. पुढे त्यांनी चुंबकही सोडले. प्राणिमात्रांत चुंबकीय प्रवाह वाहतो, तो अडला की आजार होतो आणि नुसत्या हातांनी तो मोकळा करता येतो, असा त्यांचा दावा होता. १७७८ मध्ये ते पॅरिसला गेले आणि तिथे रुग्णांची रीघ लागली. उपचारात अनेकांना झटके येत, मग बरे वाटे.

१७८४ मध्ये राजा सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनतज्ज्ञ लव्हाझिए तिचे सदस्य होते. मेस्मर दूर राहिले. त्यांच्या शिष्याने प्रयोग करून दाखवले. फ्रँकलिन यांच्या बागेतील एका झाडात त्याने हा 'प्रवाह' भरला. डोळ्यांवर पट्टी बांधलेला १२ वर्षांचा मुलगा मात्र भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला. समितीचा निष्कर्ष स्पष्ट होता : परिणाम खरा, पण तो कल्पनेचा, प्रवाहाचा पुरावा नाही.

मेस्मर १८१५ मध्ये वारले. नव्या औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाला आणि नकली कोणाला, हे रुग्णाला आजही कळू देत नाहीत. तीही एक पट्टीच. दुखण्यावर चुंबकाचा पट्टा घेण्यापूर्वी विचारावे, ही परीक्षा त्याने दिली आहे का? आणि तोवर डॉक्टरांचे उपचार थांबवू नयेत.