दहाव्या वर्षी भट्टीत कोळसा टाकणाऱ्या पोराने काचेची बाटली स्वस्त केली

जुनी अमेरिकन बाटली कधी हातात आली तर आधी ती उलटी करून बघा. तळाला गोल, थोडा वेडावाकडा, बहुतेक वेळा मध्यापासून सरकलेला व्रण दिसतो का? दिसला तर समजायचं, ही बाटली १९०३ नंतरची आहे आणि ती कुणा कारागिराने फुंकलेली नाही. ती मायकल ओवेन्सच्या मशीनची आहे.

हा ओवेन्स म्हणजे कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या आयरिश बापाचा पोरगा. जन्म १८५९ चा, आजच्या वेस्ट व्हर्जिनियातला. दहाव्या वर्षी व्हीलिंग गावच्या काच कारखान्यात भट्टीत कोळसा टाकायला लागला आणि पंधराव्या वर्षी काच फुंकणारा कारागीर झाला. पुढे १८८८ मध्ये एडवर्ड लिबीने आपला कारखाना ओहायोतल्या टोलेडोला हलवला. ओवेन्स तिथे लागला आणि थोड्याच दिवसांत कारखाना सांभाळू लागला.

तेव्हा बाटली बनायची कशी? कारागीर पोकळ नळीच्या टोकावर वितळलेली काच घ्यायचा, साच्यात धरून फुंकायचा आणि बाटलीचं तोंड नंतर वेगळं घडवायचा. म्हणूनच अशा बाटलीवरची साच्याची रेघ बहुधा तोंडाच्या खालीच संपते. मशीनच्या बाटलीवर ती थेट काठापर्यंत जाते. हाताखाली लहान पोरं असायची, साचे उघडायला आणि गरम बाटल्या पळत नेऊन ठेवायला.

ओवेन्सने काच खालून वर ओढायची ठरवली. पहिला प्रयोग चक्क सायकलच्या पंपासारखा होता. दट्ट्या ओढला की काच साच्यात चढायची, दाबला की हवेने बाटली फुगायची. पुढे मशीनमध्ये साचा भरला की सुरी खालची काच कापायची. तळाचा व्रण तो हाच.

१९०३ मध्ये मशीन चाललं. १४४ बाटल्यांची मजुरी १ डॉलर ८० सेंटवरून १०-१२ सेंटवर आली. ओवेन्स स्वतः कामगार युनियनमधला माणूस, आणि त्याच्याच मशीनने फुंकणाऱ्या कारागिरांचं काम गेलं. पण पळणाऱ्या पोरांचीही गरज उरली नाही. अमेरिकेतल्या काच कारखान्यांतली बालमजुरी कमी होण्याचं मोठं श्रेय या मशीनला दिलं जातं. गंमत म्हणजे लहानपणीच्या राबण्याबद्दल खुद्द ओवेन्सची काहीच तक्रार नव्हती, उलट पोरांनी काम करावं असंच त्याचं मत होतं!

डिसेंबर १९२३ मध्ये टोलेडोत तो गेला. १९२९ मध्ये त्याची कंपनी इलिनॉय ग्लास कंपनीशी एक झाली. तळाला शंकरपाळ्यासारखा आकार, त्यावर आडवा लंबगोल आणि मध्ये इंग्रजी ‘आय’ दिसला, तर ती बाटली या नव्या कंपनीची, म्हणजे ओवेन्स गेल्यानंतरची.