धूर की थंडी? आनंदीबाईंचा परदेशातील हिवाळा

मुंबईच्या उपनगरांत घर उबदार ठेवण्याचा प्रश्न सहसा पडत नाही. जानेवारीत बोरिवली-मुलुंडकडे चार पहाटे गारठ्याच्या निघाल्या, तरी एक गोधडी पुरते. मात्र मुलुंडहून लोकलने जेमतेम पाऊण तासावर असलेल्या कल्याणात वाढलेल्या एका मुलीपुढे, ऐन अठराव्या वर्षी, हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे उभा राहिला. ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांचे शिक्षण, त्यांची जिद्द आणि त्यांचा अकाली मृत्यू महाराष्ट्राला परिचित आहे. त्यांनी परदेशात काढलेल्या हिवाळ्यांची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव विधुर होते आणि वयाने बरेच मोठे. पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता आणि तो अनेकदा कठोरपणाच्या टोकाला जाई. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला; तो अवघे दहा दिवस जगला. स्त्रियांवर उपचार करण्यास स्त्री डॉक्टर असती तर, या विचाराने त्यांच्या मनात घर केले.

गोपाळरावांचा एका मिशनऱ्याशी झालेला पत्रव्यवहार अमेरिकेतील नियतकालिकात छापून आला. तो न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि त्यातून मावशी-भाचीसारखे नाते जुळले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजमध्ये आनंदीबाईंनी आपल्या परदेशगमनामागील भूमिका जाहीरपणे मांडली. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, असा त्यांचा निर्धार होता. पेहराव आणि शाकाहार हे त्या निर्धाराचेच भाग होते. एप्रिलमध्ये त्यांनी कलकत्ता सोडले आणि जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. पहिला उन्हाळा कार्पेंटर कुटुंबाच्या मायेत गेला. ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली.

फिलाडेल्फियात जानेवारीचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. तेथे खोली तापवणे ही जगण्याची गरज ठरते. आनंदीबाईंच्या चरित्रपर लेखनात असे नमूद आहे, की त्यांच्या वाट्याला आलेल्या जागेतील भिंतीतली जुनी शेकोटी पेटवली की खोलीभर धूर कोंडत असे. शेकोटी पेटवावी तर धूर, विझवावी तर थंडी, असा हा पेच होता.

विशेष म्हणजे याच शहरात हा प्रश्न जुना होता. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४०च्या दशकात फिलाडेल्फियातच लोखंडी शेगडीची नवी रचना मांडली होती. उघड्या शेकोटीची बहुतांश उष्णता धुराड्यावाटे बाहेर जाते. धुराडे थंड असले किंवा काजळीने भरले असले तर धूर वर न चढता खोलीत परततो. या दोषांवर त्यांना उपाय हवा होता. आनंदीबाईंच्या काळापर्यंत पेनसिल्व्हेनियातील अँथ्रासाइट कोळशावर चालणाऱ्या बंद शेगड्या रूढ झाल्या होत्या आणि सधनांच्या घरांत वाफेची उष्णता नळांतून खेळत होती. शहरात पर्याय होते. परंतु बेताच्या पैशांत दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या विद्यार्थिनीला ते निवडण्याची मुभा फारशी नव्हती.

जे हाती होते, ते त्यांनी केले. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. म्हणून त्यांनी पायघोळ गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. परदेशी झगा मात्र स्वीकारला नाही. हा बदल दिसायला लहान, पण त्यांच्यासाठी मोठा होता. गोपाळरावांना विश्वासात घेऊनच त्यांना तो करावा लागला. थंडी आणि निर्धार या दोहोंच्या मध्ये त्यांनी शोधलेली ही वाट होती.

प्रकृती मात्र ढासळत गेली. खोकला, ताप आणि थकवा यांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळवली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जबाबदारीही त्यांच्यासाठी ठरली होती.

नोव्हेंबर १८८६मध्ये त्या मुंबईस परतल्या, त्या क्षयाने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण होण्यास महिनाभराचा अवधी होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्या रुजू होऊ शकल्याच नाहीत.

त्या शेकोटीने त्यांचा बळी घेतला, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. क्षय जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२मध्येच दाखवून दिले होते. त्यावर गुणकारी औषध यायला मात्र १९४०चे दशक उजाडावे लागले. परंतु धूर फुफ्फुसांना दुबळे करतो, हेही तितकेच खरे. बंद खोलीत जळणारी शेगडी कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकते, याची जाणीव आज परदेशी शिकायला जाणाऱ्या प्रत्येकाने ठेवायला हवी. सामान बांधताना लोणच्या-पापडांची काळजी घेणाऱ्या घरांनी, मुलांची खोली कशी तापते आणि ती व्यवस्था बंद पडल्यास दुसरी कोणती, हेही विचारून घ्यावे. आनंदीबाईंसाठी हे विचारणारे कोणी नव्हते.

त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत. तेथे दर हिवाळ्यात बर्फ पडतो.