ऐंशी एकर पोटखराबा

सात-बाराच्या उताऱ्यावर पोटखराब्याची नोंद असते. शेतजमिनीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ती ठाऊक आहे. खडक, ओढा, नाल्याकाठची झाडी, थोडक्यात ज्यात पीक घेता येत नाही ती जमीन तिथे मोजली जाते. बँकेत असताना शेतीकर्जाची शेकडो प्रकरणे माझ्या हाताखालून गेली. लागवडीचे क्षेत्र धरायचे, पोटखराबा वजा करायचा आणि पुढचा कागद उलटायचा, हा आमचा शिरस्ता. त्या वजा केलेल्या गुंठ्यांत काय असेल, असा विचार साऱ्या नोकरीत एकदाही मनात आला नाही.

निवृत्तीनंतर आल्डो लिओपोल्ड या अमेरिकन वनाधिकाऱ्याविषयी वाचायला घेतले आणि ती नोंद पुन्हा आठवली. या गृहस्थाने पदरचे पैसे मोजून ऐंशी एकर जमीन घेतली होती आणि ती सगळीच्या सगळी पोटखराबा म्हणावी अशी होती.

लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ चा. आयोवा राज्यातले बर्लिंग्टन हे मिसिसिपीच्या काठचे त्यांचे गाव. वडिलांचा लिहिण्याची मेजे बनवण्याचा कारखाना होता. संसार लाकडावर चालत होता, पण वडिलांना रानावनाचा नाद, आणि तो मुलातही उतरला. येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन १९०९ साली ते सरकारी वनखात्यात रुजू झाले. पहिली नेमणूक ॲरिझोनाच्या डोंगरांत झाली.

खात्याचा तेव्हाचा हिशेब साधा होता. लाकूड, कुरण आणि हरणे जमेच्या बाजूला; लांडगा खर्चाच्या. लांडगे संपले की हरणे वाढतील आणि शिकाऱ्यांची चंगळ होईल, यावर कुणाला शंका नव्हती. बाविशीतल्या लिओपोल्डनाही नव्हती. त्या पहिल्याच वर्षी एका कड्यावरून त्यांनी आणि सोबत्यांनी लांडग्यांच्या टोळीवर गोळ्या झाडल्या. खाली उतरून पाहतात तो एक म्हातारी मादी शेवटच्या घटका मोजत होती. तिच्या डोळ्यांतला हिरवट उजेड विझताना त्यांनी पाहिला. ही आठवण कागदावर उतरायला पुढे पस्तीस वर्षे जावी लागली. मधल्या काळात लांडगे नाहीसे झालेल्या डोंगरांत हरणे इतकी माजली की त्यांनी झुडुपे ओरबाडून खाल्ली आणि शेवटी ती उपासमारीने मेली, हेही त्यांना पाहावे लागले.

१९१२ मध्ये सांता फे इथल्या एस्तेला बर्जेरे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. दुसऱ्याच वर्षी रानात वादळात सापडल्याचे निमित्त होऊन मूत्रपिंडाचा विकार जडला. जीव वाचला, पण वर्षाहून अधिक काळ कामाविना गेला. त्यातून उठून त्यांनी पुन्हा काम सुरू केले. १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतले हिलाचे सुमारे साडेसात लाख एकर रान रस्त्यांपासून मुक्त ठेवण्याचा निर्णय झाला, तो त्यांच्याच आग्रहामुळे. त्याच वर्षी बदली होऊन ते उत्तरेला, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरी आले.

इथून पुढची गोष्ट काउंटीची आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. उत्तर विस्कॉन्सिनमधली पाइनची अफाट जंगले एकोणिसाव्या शतकात तोडली गेली. शिकागोसारखी शहरे त्या लाकडावर उभी राहिली. झाडे संपल्यावर कंपन्यांनी बुंध्यांनी भरलेली ती जमीन शेतजमीन म्हणून गरीब वसाहतकऱ्यांना विकली. माती हलकी, उन्हाळा तोकडा. पिके बुडाली, शेतसारा थकला आणि माणसे घरे टाकून निघून गेली. हजारो एकर जमीन थकबाकीपोटी काउंट्यांच्या गळ्यात पडली. मागे राहिलेल्या एकट्यादुकट्या घरासाठी रस्ता आणि शाळा चालवता चालवता काउंट्यांचे दिवाळे निघायची वेळ आली.

मग १९२९ मध्ये राज्याने कायदा करून कुठे शेती करायची आणि कुठे जंगलच राखायचे, हे ठरवण्याचा अधिकार काउंट्यांना दिला. १९३३ मध्ये ओनायडा काउंटीने तसा आराखडा मंजूर केला. ग्रामीण जमिनीच्या वापराचा अमेरिकेतला हा पहिला नियम मानला जातो. बुडीत खात्यातल्या त्या जमिनींवर हळूहळू झाडे उभी राहिली. आज विस्कॉन्सिनमधल्या काउंट्यांच्या मालकीचे जंगल सुमारे २४ लाख एकर आहे.

त्याच १९३३ मध्ये लिओपोल्ड विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले. ही जागा होती शेतकी अर्थशास्त्र विभागात, याचे माझ्यातल्या बँकवाल्याला फार अप्रूप वाटते. त्याच वर्षी कून व्हॅली या घळींनी चिरलेल्या खोऱ्यात धूप थांबवण्याचे सरकारी काम सुरू झाले आणि तिथे सल्लागार म्हणून ते गेले. उतारावर आडवी नांगरट, टेकडीवरच्या झाडीत गुरांना बंदी, घळींना बांध. सरकारने मजूर आणि यंत्रे द्यायची, शेतकऱ्याने पाच वर्षांचा करार करायचा. योजना पुष्कळांनी स्वीकारली. पण मुदत सरल्यावर, ज्यात ताबडतोब पैसा दिसत होता तेवढेच चालू राहिले, अशी खंत लिओपोल्ड यांनी पुढे नोंदवली. १९३७ मध्ये राज्य आणखी पुढे गेले. शेतकऱ्यांनी आपापल्या काउंटीत जमिनीच्या वापराचे नियम स्वतःच लिहावेत, सरकार त्यांना कायद्याचे बळ देईल, असा कायदा झाला. जवळजवळ दहा वर्षे लोटली तरी एकाही काउंटीने एकही नियम लिहिला नव्हता.

अधिकार होता, आराखडा होता, अनुदान होते. कमी काय पडले? मातीशी, झाडांशी, पाण्याशी आपण कसे वागतो हा नुसत्या नफ्यातोट्याचा नाही, नीतीचा प्रश्न आहे, असे त्यांना वाटू लागले होते. शेजाऱ्याची वस्तू चोरणे आपण पाप मानतो, तसे आपल्याच शेताची माती नदीला वाहून जाऊ देणे का मानत नाही? हा विचार त्यांनी नुसता वर्गात शिकवला नाही.

१९३५ साली त्यांनी सॉक काउंटीत विस्कॉन्सिन नदीकाठची ती ऐंशी एकर जमीन घेतली. आधीचा मालक चोरट्या दारूच्या धंद्यातला. त्याने जमिनीचा उरलासुरला कस पिळून घेतला, राहते घर जाळले आणि थकलेला कर काउंटीच्या माथी मारून तो परागंदा झाला, असे लिओपोल्ड यांनीच लिहून ठेवले आहे. वास्तू म्हणून उभे होते ते कोंबड्यांचे एक खुराडे, तेही शेणाने भरलेले. पतिपत्नी आणि पाच मुलांनी ते उपसून राहण्याजोगे केले. दर शनिवार-रविवारी मॅडिसनहून यायचे आणि वसंतात पाइनची रोपे लावायची. पहिल्या वर्षीची बहुतेक रोपे दुष्काळात करपली. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली. असे करत करत चाळीस हजारांहून अधिक झाडे लावून झाली. कोणते फूल कधी उमलले, कोणता पक्षी कधी परतला, याच्या नोंदी वहीत होत राहिल्या.

१९४३ मध्ये ते राज्याच्या संरक्षण आयोगावर गेले. हरणांची संख्या कमी करा, नाहीतर जंगल संपेल, असे सांगताच लोक खवळले. हरणे वाढावीत म्हणून ज्यांनी तरुणपणी बंदूक चालवली, त्यांनाच आता हरणांचे वैरी ठरवले गेले.

शेतावरच्या नोंदींतून एक पुस्तक तयार झाले. काही प्रकाशकांनी ते परत पाठवले. अखेर १४ एप्रिल १९४८ रोजी होकार आला. नंतर बरोबर एका आठवड्याने, २१ एप्रिलला, शेजाऱ्याच्या रानात वणवा पेटला. ते विझवायला धावले आणि तिथेच हृदयविकाराने कोसळले. वय ६१. पुस्तक १९४९ मध्ये निघाले, ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’. या नावाची काउंटी नकाशावर शोधू नये, ती नाही. विस्कॉन्सिनच्या रेताड पट्ट्याला उद्देशून ते नाव आहे. पुढे या पुस्तकाच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

मुलांनी वारसा जपला. पाचांपैकी तिघे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेले. २००७ मध्ये त्या शेताजवळ लिओपोल्ड यांच्या नावाचे केंद्र उभे राहिले. त्याचे लाकूड बाहेरून आणले नाही. घरातल्यांनी हाताने लावलेल्या पाइनची दाटी झाली होती. ती विरळ करताना जी झाडे निघाली, त्यांचेच खांब आणि तुळया झाल्या.

मागच्या महिन्यात गावाकडच्या जमिनीचा उतारा काढला. पोटखराबा अकरा गुंठे. ओढ्याच्या वळणावर करंजाची झाडे होती, एवढेच लहानपणचे आठवते. आता काय उरले आहे, ठाऊक नाही. पाऊस पडला की जाऊन पाहणार आहे, आणि जाताना रोपे घेऊनच जाणार आहे.